कर्मचारी क्रमांक चव्वेचाळीस

कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सरकवून मधल्या जागेत आम्हा एकशे पंचावन्न माणसांना कोंबलं होतं. पुढे पांढऱ्या कापडाने झाकलेल्या एका टेबलावर जेवणाच्या डब्याएवढी एक काळी डबी, तिच्यावर चकचकीत पत्र्याची तबकडी, आणि तबकडीवर आमच्या लेथवाल्याचा भला थोरला पंजा. लेथवाला रडत होता. ज्याच्या तोंडून सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत शिवीशिवाय वाक्य निघत नाही, तो माणूस नाक ओढत रडत होता.

"तुम्ही बाहेरून कठोर आहात," डबीमागचे गृहस्थ डोळे मिटून म्हणत होते. "पण आत कुणीतरी फार हळवं बसलंय. बरोबर?"

लेथवाल्याने मान हलवली.

"तुम्ही माणसांसाठी खूप केलंत. त्यांनी त्याची जाण ठेवली नाही."

आता हुंदका आला. "अगं बाई," माझ्यामागे स्वयंपाकीणबाई पुटपुटल्या, "यांना कसं कळलं हो?"

कसं कळलं! आपण लोकांसाठी खूप केलं आणि त्यांनी जाण ठेवली नाही, असं ज्याला वाटत नाही असा एक तरी माणूस मला आणून दाखवा. पण त्या दिवशी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि ते पुढे सांगणारच आहे.

गृहस्थ स्वतःला 'अंतर्मन विश्लेषक' म्हणवत. आम्ही तेव्हा त्यांना अदबीने 'सर' म्हणत होतो. पुढे त्यांचं 'डबीवाले' झालं. म्हाताऱ्या मालकांना ते कुठल्याशा उद्योजकांच्या सभेत भेटले आणि मालकांनी त्यांना कर्मचारी-विकासासाठी थेट कारखान्यात आणलं. सुटाबुटातला, मऊ आवाजाचा माणूस. बोलताना मध्येच थांबायचा, म्हणजे आपल्याला वाटावं की आता वरून काहीतरी येतंय.

"आम्ही प्रश्न विचारत नाही," ते म्हणाले. "प्रश्नाला मन खोटं उत्तर देतं. त्वचा खोटं बोलत नाही. फक्त नव्वद सेकंद! त्वचेच्या सूक्ष्म कंपनांतून अवचेतनाची वारंवारिता क्वांटम पातळीवर उमटते."

"क्वांटम म्हणजे काय रे?" शेजारच्या स्टोअरकीपरने विचारलं.

"फार लहान," मी म्हणालो.

"मग त्याला पातळी कशाला लागते?"

"गप बस ना!"

आम्ही वजनकाटे बनवतो, हे इथे सांगायला हवं. दुकानातले, दवाखान्यातले, धान्याच्या गोदामातले. कुठलाही काटा आमच्या चाचणी-खोलीतून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. तिथे त्याच्यावर माहीत असलेलं वजन ठेवायचं, आकडा लिहायचा, वजन उचलायचं, पुन्हा ठेवायचं, पुन्हा लिहायचं. मग चारही कोपऱ्यांवर तेच. दहा वेळा दहा सारखे आकडे आले तरच शिक्का. अशा दोनशे काट्यांवर रोज अविश्वास दाखवणारी आम्ही माणसं त्या डबीपुढे रांगेने पंजे घेऊन उभी राहिलो, आणि तिच्यावर कशाचंही वजन ठेवून बघावं असं कुणालाही सुचलं नाही.

आठवड्याने निकाल लागला. माणसांचे प्रकार तीन: शिखर, पठार आणि दरी. शिखर म्हणजे नेतृत्वाला लायक, पठार म्हणजे सांगितलेलं काम करणारे, दरी म्हणजे जबाबदारी न पेलणारे. नावाने पूर्वग्रह होतो म्हणून सगळा कारभार हजेरीच्या कार्डावरच्या क्रमांकाने. कॅन्टीनबाहेरच्या फळ्यावर क्रमांकांची लांबलचक यादी लागली आणि प्रत्येकाच्या हातात एक बंद पाकीट आलं. पाकिटातला अहवाल दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही, दाखवला तर त्यातली ऊर्जा गळते, अशी सक्त ताकीद होती. ताकीद कशासाठी होती हे आज शेंबडं पोरही सांगेल. आम्ही मात्र ऊर्जा गळू नये म्हणून पाकिटं कुलपात ठेवली.

कारखान्याचा नुसता बाजार झाला. "तू कोण?" "मी पठार, तू?" "शिखर!" आणि शिखर म्हणणाऱ्याची मान आपोआप ताठ. सुपरवायझरने एका दरीकडून गोदामाच्या किल्ल्या काढून घेतल्या. बारा वर्षं किल्ल्या त्याच्याकडे होत्या आणि एक खिळा कधी हरवला नव्हता. रंगकामवाल्या दोघी मैत्रिणी एका डब्यात जेवायच्या, त्यातली एक शिखर झाली आणि दुसऱ्या टेबलावर बसू लागली.

मीही शिखर होतो. अहवालात लिहिलं होतं की तुम्ही शांत दिसता पण आत वादळ आहे, तुमच्या क्षमतेचा मोठा भाग अजून वापरलाच गेलेला नाही, आणि स्वार्थापेक्षा सत्य तुम्हाला प्रिय आहे. मी तो दहा वेळा वाचला. ऊर्जेची पर्वा न करता बायकोलाही दाखवला.

तिने चष्मा लावून वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "हे तुमच्याबद्दल आहे?"

"मग कुणाबद्दल?"

"वादळ म्हणे! परवा झुरळ निघालं तर स्टुलावर चढला होतात."

मी अहवाल तिच्या हातातून ओढून घेतला. तिला विज्ञानातलं काय कळतंय, असं तेव्हा मला मनापासून वाटलं.

आता ताईंबद्दल. चाचणी-खोलीत माझ्या शेजारच्या टेबलावर त्या बावीस वर्षं बसत होत्या. मला काम त्यांनी शिकवलं. वजन उचलताना बोटांचा घाम त्याला लागू नये म्हणून चिमटा कसा धरायचा, इथपासून. खोलीचे मुख्य महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी ताई बसणार हे सगळे धरून चालले होते. शिक्का मारायचा अधिकार, खोलीच्या किल्ल्या, सगळं त्यांच्याकडे यायचं होतं.

ताई दरी निघाल्या. अहवालात लिहिलं होतं: जबाबदारीच्या क्षणी तुमचा हात डगमगतो.

कर्मचारी विभागाच्या मॅडमनी त्यांना बोलावून सांगितलं की एक तारखेपासून तुम्ही पॅकिंगला. मॅडमना येऊन तीन महिने झाले होते. त्यांना माणसं क्रमांकानेच ठाऊक होती आणि डबीवाल्यांमुळे तेवढं पुरेसं आहे अशी त्यांची खात्री पटली होती. मग त्यांनी मला बोलावलं. खोलीत शिखर मी एकटाच, तेव्हा मुख्य मी होणार. दोन आठवड्यांनी डबीवाले सर येतील, समारंभ होईल, घोषणा तिथेच.

"ताईंचा अनुभव..." मी सुरुवात केली.

"अनुभव वेगळा, अंतर्मन वेगळं," मॅडम म्हणाल्या.

यावर मी काय म्हणालो? काहीही नाही. 'थँक्यू' म्हणून बाहेर आलो. ती खुर्ची मला हवी होती. नऊ वर्षं हवी होती आणि मागायची हिंमत नव्हती. आता विज्ञानच देत होतं, तर नको कसं म्हणायचं?

ताईंचा हात खरोखरच डगमगू लागला. एकच वजन त्या पंधरा-पंधरा वेळा ठेवू लागल्या. आकडा लिहून खोडायच्या. एकदा चिमट्यातून वजन निसटून टेबलावर आपटलं आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. "बघ रे जरा," त्या मला म्हणायच्या, "बरोबर आहे ना?" बावीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. मी मान डोलवायचो आणि नजर चुकवायचो. खोलीतले बाकीचे आपसांत म्हणायचे, "डबीनं अचूक सांगितलं बरं!"

आठ दिवसांनी डबीवाले मॅडमना भेटायला आले तेव्हा ताई दारात उभ्या राहिल्या. मीही काटा पोचवायला तिथेच गेलो होतो.

"साहेब, माझी पुन्हा एकदा घेता का?"

सर मधाळ हसले. "ताई, मन एकदाच खरं बोलतं. दुसऱ्यांदा ते सावध होतं. म्हणून ही चाचणी आयुष्यात एकदाच."

ताई खोलीत परतल्या आणि मला म्हणाल्या, "माझ्यावर वजन एकदाच ठेवा, दुसऱ्यांदा ठेवलंत तर आकडा बिघडेल, असं एखाद्या काट्यानं म्हटलं तर आपण त्याचं काय करतो?"

"भंगारात टाकतो," मी म्हणालो. माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग?"

त्या उठल्या आणि थेट फळ्यापाशी गेल्या. त्या यादीपुढे मी रोज उभा राहत होतो, माझं शिखर बघायला. सगळेच राहत होते. प्रत्येकाने यादीत फक्त आपला क्रमांक शोधला होता. ताईंनी मात्र ती वरून खाली वाचली, चाचणीच्या वहीतले आकडे वाचतात तशी, एकेका ओळीवर बोट ठेवून.

"इकडे ये," त्यांनी हाक मारली. "वाच मोठ्यानं."

मी वाचलं. पठार, शिखर, पठार, पठार, दरी. पठार, शिखर, पठार, पठार, दरी. पठार, शिखर... चौथ्या वेळी मी फळ्याकडे न बघताच म्हणू लागलो. एकशे पंचावन्न माणसं, पाच-पाचांच्या एकतीस तुकड्या, आणि प्रत्येक तुकडीत दुसरा शिखर, पाचवा दरी. एकही चूक नाही. आमच्या अंतर्मनाचं रहस्य आठवडाभर उघड्यावर टांगलेलं होतं आणि आम्ही त्याच्यासमोर उभे राहून केस सारखे करत होतो.

"आता जाऊन सांगू या मालकांना," मी म्हणालो. हे म्हणतानाही खुर्ची गेली याची कळ उठली, खोटं कशाला बोलू.

"सांगून ऐकतील? योगायोग म्हणतील," ताई म्हणाल्या. "आधी वजन ठेवू."

इथे आमच्या कारखान्याची एक खोड सांगायला हवी. आमच्याकडे काचेच्या कपाटात पाच किलोचं एक पितळी प्रमाण वजन आहे. बाकीची सगळी वजनं त्याच्याशी ताडून बघायची. सगळे त्याला 'काका' म्हणतात. वर्षातून एकदा काकांना तपासणीसाठी सरकारी प्रयोगशाळेत न्यावं लागतं, आणि आमचं फाटक कार्डाशिवाय कुणालाही बाहेर सोडत नाही. तेव्हा मालकांच्या वडिलांनी वैतागून काकांच्या नावाने हजेरीचं कार्डच काढून दिलं. क्रमांक चव्वेचाळीस. गेली चाळीस वर्षं ते चालू आहे.

पहिल्या फेरीत रजेवर असलेल्या पाच जणांची चाचणी व्हायची होती. त्यासाठी सर डबी मॅडमकडे ठेवून गेले होते, आणि मॅडमनी ती ताईंकडे सोपवली. "पंजा ठेवायचा, दिवे लागेपर्यंत थांबायचं. सोपं आहे, तुम्हाला झेपेल." ताईंनी निमूटपणे मान डोलावली. पाच जणांचे पंजे झाले. मग त्यांनी कपाट उघडलं, काकांना फडक्यात धरून तबकडीवर ठेवलं आणि आम्ही दोघं बघत बसलो. निळा दिवा लागला, पिवळा लागला, नव्वद सेकंदांनी हिरवा लागला आणि डबी समाधानाने पीं करून वाजली. काकांच्या अवचेतनाची वारंवारिता क्वांटम पातळीवर उमटली होती.

ताईंनी सहा कार्डांचे क्रमांक चढत्या क्रमाने लावले, चव्वेचाळीस बरोबर दुसरा आला, आणि यादी मॅडमकडे दिली; मॅडमनी ती न मोजताच सरांकडे धाडली. मग एका कागदावर तेच सहा क्रमांक लिहिले, पुढे प्रत्येकाचा निकाल लिहिला, तारीख घातली, कागद पाकिटात घालून त्यावर लाखेचा शिक्का मारला आणि तो माझ्याकडे दिला.

"तुझ्याकडे ठेव. समारंभात उघडायचा." मग हळूच, "उघडशील ना?"

त्या 'ना'मध्ये सगळं होतं. त्यांना माझ्या खुर्चीचं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझी मान खाली गेली. "उघडतो," मी म्हणालो.

समारंभाला कॅन्टीन पुन्हा गच्च भरलं. मालक पहिल्या रांगेत, शेजारी मॅडम. सर एकेका शिखराला क्रमांकाने पुकारत होते, त्याच्या अहवालातलं एखादं वाक्य वाचत होते आणि छातीवर बिल्ला लावत होते. टाळ्यांचा पाऊस. शेवटी ते नव्या यादीकडे वळले.

"आणि आता एक विलक्षण व्यक्तिमत्त्व. इतकी स्थिर लहर मी माझ्या कारकिर्दीत पाहिली नाही! कर्मचारी क्रमांक चव्वेचाळीस!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. जुन्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मालकांनी कपाळाला आठी घातली.

"तुम्ही शांत दिसता, पण आत वादळ आहे," सर वाचू लागले. "तुमच्या क्षमतेचा मोठा भाग अजून वापरलाच गेलेला नाही. लहानपणी कुणीतरी दुखावलंय. जोडीदाराशी अधिक मोकळेपणाने बोला. या, चव्वेचाळीस! संकोच करू नका, पुढे या!"

ताई उठल्या. दोन्ही हातांत फडक्यात गुंडाळलेले काका घेऊन पुढे गेल्या आणि त्यांना अलगद पांढऱ्या कापडावर ठेवलं.

"हे आले," त्या म्हणाल्या. "लावा बिल्ला."

क्षणभर काही कळेना, आणि मग स्टोअरकीपरला जे हसू फुटलं ते सगळ्या कॅन्टीनभर पसरलं. लेथवाला हसत नव्हता. तो भिंतीपाशी उभा राहून खिशातून आपला अहवाल काढून वाचत होता. मग त्याने शेजारच्या शिखराचा अहवाल हिसकावला. "अरे, माझंही लहानपण दुखावलंय! आणि याचंही! आणि पितळेचंही!" त्यानंतर तो जे बोलला ते इथे लिहिता येत नाही, पण त्याची तब्येत सुधारल्याचं सगळ्यांना कळलं. भराभर पाकिटं बाहेर आली. शिखरांचे सगळे अहवाल अक्षरशः एक, पठारांचे एक, दऱ्यांचे एक. दुखावलेलं लहानपण तिन्हींत होतं.

सरांना घाम फुटला होता, पण त्यांनी सहज हार मानली नाही. "बघा, धातूलाही स्मृती असते. इतकी वर्षं इतक्या माणसांच्या सहवासात..."

आणि सांगायला लाज वाटते, पुढच्या रांगेत दोन-तीन माना खरोखर डोलल्या.

तेव्हा मी उभा राहिलो. मालकांपुढे लाखेचा शिक्का फोडला आणि कागद वाचला. सहा क्रमांक, सहा निकाल; सरांच्या हातातल्या नव्या यादीशी ताडले तर सहाच्या सहा बरोबर. "हे ताईंनी चार दिवसांपूर्वी लिहिलं," मी म्हणालो. "कुणाच्याही त्वचेला हात न लावता. फळ्यावरची यादी बघून." मग पाच-पाचांचा तो क्रम सगळ्यांना ओरडून सांगितला. अर्धं कॅन्टीन फळ्याकडे धावलं.

मालकांनी वायरमनला खूण केली. त्याने चार स्क्रू काढून डबी टेबलावर उलटी केली. तबकडीखाली दाब पडला की चालू होणारं एक साधं बटण. दोन सेल, वेळ मोजणारी एक छोटी चकती, तीन दिवे, एक पिपाणी. बाहेर जाणारी तार नाही, काही नोंदवून ठेवायची सोय नाही. "साहेब, यापेक्षा दारावरच्या घंटीत जास्त सामान असतं," वायरमन म्हणाला.

सर डबीची टरफलं गोळा करून मागच्या दाराने निघून गेले. मालक काकांकडे बघत म्हणाले, "ही खोली आजपासून ताईंची." मॅडम पर्स उचलता उचलता मला म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे, पण माझा अहवाल अगदी खरा होता हो!" यावर मी कपाळावर हात मारून घेतला.

मनाची चाचणी होतच नाही असं माझं म्हणणं नाही. करणारी माणसं आहेत; ती वर्षानुवर्षं शिकलेली असतात, आणि आपली चाचणी किती वेळा चुकते, कुणाला लागू नाही, हे ती आधी सांगतात. तपासायला गेलात तर रागावत नाहीत. जो म्हणतो माझं कधी चुकत नाही, दुसऱ्यांदा करून दाखवणार नाही आणि दुसऱ्या कुणाला दाखवू नका, त्याच्या अंगावर भगवं असो की सूट, त्याला दारातूनच वाटेला लावा. यासाठी कॉलेजात जावं लागत नाही. यादी वरून खाली वाचायची तसदी घ्यावी लागते, तेवढंच.

त्या डबीने पंधरा दिवसांत एकच गोष्ट खरी करून दाखवली: एका पक्क्या हाताला कापायला लावलं. आणि तेही डबीने नाही केलं. तिच्यात होतं काय, दोन सेल आणि पिपाणी! ताईंकडे संशयाने बघितलं ते आम्ही. किल्ल्या काढून घेतल्या त्या आम्ही. आपलं कौतुक वाचून झाल्यावर शेजारणीचं काय झालं हे विचारलं नाही, ते आम्ही, आणि त्यात सगळ्यांत पुढे मी, कारण मला खुर्ची मिळत होती. तेव्हा उद्या कुणी तुम्हाला शिखर म्हटलं, तर खुशाल खूश व्हा, माणूस आहात. पण त्याच दिवशी आजूबाजूला बघा, दरी कुणाला म्हटलंय. आणि कशावरून, ते तोंड उघडून विचारा.